काळा ठिपका

दुरुस्तीला गिटार आली की मी ती आधी स्वतः वाजवून बघत नाही. जिची आहे तिलाच वाजवायला सांगतो. कान नेमका कुठे अडतोय ते तेव्हाच कळतं. त्या दिवशी आलेली मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. हातात रेझोनेटर गिटार, म्हणजे पोटातल्या धातूच्या शंकूने आवाज मोठा करणारी. प्लायवूडच्या धडाची, बिस्किट ब्रिजची म्हणजे लाकडी चकतीवरच्या घोडीची, या प्रकारात जी सगळ्यात स्वस्त मिळते तशी. तिने बोटात काचेचा स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची नळी, घातला. तारा ओपन जीमध्ये, म्हणजे मोकळ्या छेडल्या तरी जी कॉर्ड वाजेल अशा, लावलेल्या होत्या. एकेक तार छेडत ती पाचव्या तारेवर आली आणि थांबली. "काका, इथे ऐका."

ऐकलं. तंबोऱ्याच्या जवारीतून उठते ती सुरात भिजलेली झणझण वेगळी. ही करकर होती, पत्र्याचं सैल झाकण हादरावं तशी.

मग तिने पिशवीतून पुठ्ठ्याचा खोका काढला. आत नवा कोन, म्हणजे तो शंकू, ॲल्युमिनियमचा, साडेनऊ इंचांचा, लेथवर फिरवून हाताने घडवलेला. कित्येक महिने पैसे साठवून घेतलेला. "एवढा बसवून द्या काका. जुना खराब आहे असं सगळेच म्हणतात."

तसं म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे. स्वस्त गिटारमधला कोन बहुतेक वेळा साच्यात दाबून काढलेला असतो, जाड आणि जड. आवाजाची सगळी मदार त्या कोनावर. तारेचं कंपन ती जिच्यावर टेकते त्या पट्टीत म्हणजे सॅडलमध्ये, सॅडलमधून बिस्किटात म्हणजे लाकडाच्या चकतीत, आणि चकतीतून कोनाच्या टोकावर उतरतं. लाउडस्पीकरचा पडदा जे काम करतो तेच इथे कोन करतो. तरीही मी तो खोका बाजूला ठेवला आणि तिला म्हटलं, "आधी करकर कुठून येते ते शोधू. नवा कोन आज बसवायचाच असेल तर तो शेवटी."

तिचा चेहरा पडला. पण मला आठवत होती काही वर्षांपूर्वीची अशीच एक गिटार. तिच्यात मी कोन टेकतो ती लाकडी कड्याची बैठक न तपासता उत्तम कोन बसवला होता. दोनेक महिन्यांनी ती परत आली तेव्हा कोनाच्या काठाला एका बाजूने सुरकुती पडली होती. पातळ पत्र्याला एकदा अशी घडी बसली की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्या माणसाचे पैसे गेले ते माझ्या घाईमुळे, आणि ते मला अजून टोचतं.

मानेवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, म्हणजे तारा सैल केल्यावर खुंट्यांवरून सुटत नाहीत. तारांची खालची टोकं धरणारा टेलपीस मोकळा करून तारांसकट बाजूला घेतला आणि कोनावरच्या झाकणाचे, कव्हर प्लेटचे, स्क्रू काढायला लागलो. ती वाकून बघत होती. कोन नुसताच ठेवलेला आहे, चिकटवलेला नाही, स्क्रूने आवळलेला नाही, हे पाहून ती चकित झाली. खरंच, एवढ्या आवाजाचं हे यंत्र केवळ तारांच्या दाबावर जागेवर बसलेलं असतं. स्क्रू काढता काढता तिला सांगितलं, की हे डोकं जॉन डोपेरा यांचं. विजेवर चालणारी गिटार बाजारात यायच्या आधी, वाद्यवृंदाच्या गलक्यात गिटार ऐकूच यायची नाही. जॉर्ज बीचम या वादकाला मोठा आवाज हवा होता, आणि 1927च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये या दोघांच्या खटपटीतून नॅशनल कंपनीची तीन कोनांची गिटार आली. पुढे डोपेरांनी भावांबरोबर डोब्रो ही गिटार काढली. तिच्यात एकच कोन, वाडग्यासारखा उताणा, आणि वर कोळ्यासारखा आठ पायांचा धातूचा सांगाडा. "तुझा कोन टोक वर करून बसलाय बघ. हे नॅशनलचं घराणं."

साधी कारणं आधी संपवली. कव्हर प्लेटचा एकही स्क्रू ढिला नव्हता. सॅडल कुठे घासत नव्हतं. बिस्किटाचा स्क्रू नीट होता. हा स्क्रू फार जपून बघावा लागतो, अर्धा फेरा जास्त पिळला तरी कोनाचं टोक ओढलं जातं. यातलं एकही कारण निघालं नाही, म्हणून खोलीतले दिवे बंद केले. गिटारच्या पोटात एक छोटा दिवा सोडला, कोन पुन्हा बैठकीवर ठेवला आणि डोळा कडेच्या पातळीला आणला.

काठाखालून उजेडाची रेघ दिसत होती. केसाएवढी, टेलपीसच्या बाजूला, साधारण चार बोटं लांब. आणि त्या रेघेच्या मधोमध एक काळा ठिपका.

"दिसला?" मी तिला जागा दिली. ती बराच वेळ बघत राहिली. "काका, तिथेच टेकतोय तो. बाजूला अधांतरी आहे."

अगदी बरोबर. कोन काढून बोट फिरवलं तर प्लायवूडच्या कड्याच्या जोडावर सरसाचा एक थेंब सुकून टणक झाला होता. तांदळाच्या दाण्याच्या निम्माही नसेल. त्याच्यावर कोन टेकत होता, दोन्ही अंगांनी उचलला जात होता, आणि पाचवी तार वाजली की तो उचललेला काठ लाकडावर आपटत होता. पटाशीने थेंब खरवडला, बैठक हलक्या हाताने घासली, धूळ पुसली. मग जुन्या कोनाच्या काठाला खडू लावून तो जागेवर थोडा फिरवला. पांढरं वर्तुळ सलग उमटलं, कुठेही तुटलं नाही.

तोच जुना कोन, त्याच तारा, तेच सॅडल परत चढवलं. तिला हे पटत नव्हतं, पण तिने वाजवलं. पाचवी तार मोकळी छेडली, पुन्हा छेडली, जोरात छेडली. करकर नव्हती. "मग हा नवा कोन उगाचच घेतला का?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात मला खरोखरच काळजी ऐकू आली.

उगाच नाही, हे मला तिला बोलून नव्हे, ऐकवूनच सांगायचं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कानाला न्याय करता येतो. म्हणून आता नवा कोन घातला. तो थोडा उंच होता, तारा वर आल्या, तेव्हा सॅडल तासून खाली घेतलं आणि खाचा नव्याने केल्या, उथळ, तार बसेल एवढ्याच. यात चांगला तासभर गेला. मग तिने तोच तुकडा वाजवला. स्लाइड बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या पट्टीवर, पोचल्यावर सूर पूर्वी लगेच विझायचा, आता तो बोटाखाली थरथरत टिकून राहिला. खर्जाच्या तारांना पोट आलं. आवाज मोठा झाला हे खरं, पण मला जास्त आवडला तो त्याचा तत्परपणा. तार छेडायच्या आत तो जणू तयारच होता.

आणखी काय बदलू, असं तिने विचारलं. नटाच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा खोल आणि स्वच्छ करून दिल्या, त्या पहिल्या दोन फ्रेटवर जाचत होत्या. खुंट्या बदलायची तिची इच्छा होती, मी नको म्हटलं. त्या घट्ट होत्या, सूर धरत होत्या. जाताना तिने जुना कोन कागदात गुंडाळून मागितला आणि तो सुकलेला थेंबसुद्धा.

तीन आठवड्यांनी ती परत आली. नवा कोन तारांखाली दबून थोडा बसला होता आणि तारांची उंची पुन्हा जुळवायची होती. गिटार खोळीतून काढल्या काढल्या तिने सगळ्यात आधी पाचवी तार छेडली आणि मान तिरकी करून ऐकत राहिली, सूर पार विरेपर्यंत.