मोहननगर ते कळमेश्वर: मरियेच्या अखंड कौमार्याचा वाद नागपुरात फिरून समजून घेताना

ख्रिस्ती पंथांमध्ये मरियेबद्दल जे मतभेद आहेत ते समजून घ्यायला रोम किंवा जेरुसलेम गाठायची गरज नाही. एक दिवस हाताशी असेल तर नागपूर पुरेसं आहे. कामठी रोडवर कॅथलिक आर्चबिशपांचं कॅथीड्रल, सदरमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं ऑल सेंट्स कॅथीड्रल, सिव्हिल लाइन्सला स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज, सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी शाळा, आणि काटोल रोडने गेलं की कळमेश्वरला केरळमधल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चची सेमिनरी. या वादातले सगळे प्रमुख पक्ष एवढ्या पट्ट्यात नांदतात.

निघण्याआधी प्रश्न नेमका करून घ्या, कारण बहुतेक चर्चा इथेच घसरते. पवित्र आत्म्याच्या योगाने, पुरुषाच्या संबंधाशिवाय येशू मरियेच्या उदरी आला, ही श्रद्धा या सगळ्या मंडळ्यांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, आहे. त्यावर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या गोष्टीवर: मरिया प्रसूतीआधी, प्रसूतीत आणि प्रसूतीनंतर आयुष्यभर कुमारीच राहिली का? याला अखंड कौमार्य म्हणतात. तिसरीच एक गोष्ट यात मिसळली जाते, ती म्हणजे निष्कलंक गर्भसंभव. तो मरियेच्या स्वतःच्या गर्भात येण्याबद्दलचा सिद्धांत आहे, की आईच्या उदरी आल्यापासूनच ती मूळपापापासून मुक्त होती; पोप नववे पायस यांनी तो १८५४ साली जाहीर केला आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या तो मानत नाहीत. अखंड कौमार्य मात्र त्या मानतात. या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर ज्यांना भेटाल त्यांच्याशी तुम्ही वेगळ्याच विषयावर बोलत राहाल.

सोबत मराठी बायबल घ्या आणि पाच ठिकाणी खुणा घालून ठेवा: मत्तय १:२५, मार्क ६:३, मार्क १५:४०, लूक १:३४ आणि योहान १९:२५ ते २७. दिवसभर हीच पानं उलटायची आहेत. रविवारी उपासना सुरू असताना प्रश्न विचारायला जाऊ नका; त्या दिवशी फादरांना आणि पाळकांना उसंत नसते. आधी फोन करून आठवड्यातल्या मधल्या दिवसाची वेळ ठरवा. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, ऐकायची असेल तर कोणत्या वेळी मराठी, कोणत्या वेळी हिंदी की इंग्रजी, हेही विचारून ठेवा. मोसम हिवाळ्याचाच बरा. मे महिन्यात भर दुपारी काटोल रोडला लागू नये.

सुरुवात मोहननगरातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथीड्रलपासून करा. नागपूरचं कॅथलिक धर्मप्रांत १८८७ सालचं, त्याला आर्चडायोसीसचा दर्जा १९५३ मध्ये मिळाला. कॅथीड्रलला ज्यांचं नाव आहे ते फ्रान्सिस डी सेल्स १६०२ पासून जिनिव्हाचे बिशप होते, पण त्यांना राहावं लागलं अॅनसीला, कारण जिनिव्हा शहर प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या अनुयायांच्या हाती होतं. त्याआधी शाब्ले प्रांतातल्या कॅल्विनवाद्यांना परत वळवण्यासाठी ते पत्रकं लिहून घरोघरी दाराखालून सरकवत. म्हणून ते लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत. हे नाव ध्यानात ठेवा, कारण सदरला पोचल्यावर कॅल्विन पुन्हा भेटणार आहे.

इथे मिस्सा ऐकणार असाल तर अगदी सुरुवातीची पापकबुलीची प्रार्थना लक्ष देऊन ऐका. तिच्यात मरियेचा उल्लेख नित्यकुमारी असाच येतो. अखंड कौमार्य हा कॅथलिकांसाठी पुस्तकातला मुद्दा नाही, तो रोजच्या तोंडातला शब्द आहे. ज्याला हा वाद नुसता वचनांच्या मोजणीने सोडवायचा असतो, त्याला ही बाजू कळतच नाही.

त्यानंतर योसेफाचा पुतळा नीट बघा. कॅथलिक चर्चमध्ये तो बहुधा असतोच, आणि हातात बऱ्याचदा लिलीच्या फुलांची काठी असते. बायबलमध्ये या काठीबद्दल अवाक्षर नाही. तिचं मूळ दुसऱ्या शतकातल्या ‘याकोबाचं आद्यशुभवर्तमान’ या ग्रंथात सापडतं. त्यातली कथा अशी: मरियेचा सांभाळ कोणी करायचा हे ठरवायला विधुरांच्या काठ्या गोळा केल्या, योसेफाच्या काठीतून कबुतर निघालं आणि त्याच्या डोक्यावर बसलं. फुलं कलापरंपरेत नंतर आली. याच ग्रंथात योसेफ म्हातारा विधुर आहे, त्याला आधीच्या बायकोपासून मुलगे आहेत, आणि प्रसूतीनंतरही मरिया कुमारी असल्याची साक्ष सुईण आणि सलोमी देतात. ग्रंथ बायबलात घेतला गेला नाही, पण त्याच्या कथा पुतळ्यांत आणि चित्रांत उतरल्या. गंमत अशी की येशूच्या ‘भावां’बद्दल कॅथलिकांनी पुढे ज्याचं स्पष्टीकरण स्वीकारलं, त्या बायबल-पंडित जेरोमला हा ग्रंथ मुळीच मान्य नव्हता.

इथून ऑटोने सदर अगदी जवळ. ऑल सेंट्स कॅथीड्रल मूळचं अँग्लिकन; नागपूरचा अँग्लिकन धर्मप्रांत १९०३ साली झाला आणि आयर चॅटर्टन पहिले बिशप झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मिळून झालेलं युनायटेड चर्च, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेद्रन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. ‘प्रोटेस्टंटांचं मत काय?’ असा प्रश्न इथे विचारलात तर उत्तर मिळणार नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. या मंडळीने प्रेषितांचा आणि नायसीन असे दोन्ही विश्वासांगीकार स्वीकारले. दोन्हींत मरिया कुमारी आहे, ‘नित्य’ मात्र नाही. तेवढ्या मोकळ्या जागेत सहाही परंपरा मावल्या.

सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी आढळतो. लोक धरून चालतात की धर्मसुधारकांनी अखंड कौमार्य मोडीत काढलं. तसं घडलं नाही. ल्यूथर ते शेवटपर्यंत मानत होते. त्यांनी लिहिलेल्या १५३७ च्या श्माल्काल्डच्या कलमांच्या लॅटिन पाठात ‘सदा कुमारी’ हे शब्द आहेत. झ्विंग्ली मानत होते. १५६६ च्या दुसऱ्या हेल्वेटिक, म्हणजे स्विस, विश्वासपत्रातही तसाच उल्लेख आहे. मेथॉडिस्टांचे जॉन वेस्ली यांनी १७४९ साली एका रोमन कॅथलिकाला लिहिलेल्या पत्रात हीच श्रद्धा आपली म्हणून सांगितली. कॅल्विन सावध राहिले: मत्तय १:२५ वरून मरियेला पुढे मुलं झाली असा निष्कर्ष निघत नाही, आणि येशूच्या ‘भावां’च्या उल्लेखावरून तो काढणारा चौथ्या शतकातला हेल्व्हिडियस अडाणीपणा करतो, असं त्यांचं म्हणणं, पण यावर हट्टाने वाद घालणंही त्यांना पसंत नव्हतं. आज बहुतेक प्रोटेस्टंट येशूला सख्खी भावंडं होती असं मानतात, ते वळण नंतरच्या पिढ्यांत आलं.

हिस्लॉप कॉलेज बाहेरून बघितलं तरी चालेल. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, १८६३ मध्ये वारले, आणि १८८३ साली निघालेल्या कॉलेजला त्यांचं नाव मिळालं. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र मानणारे. त्या पत्रात कुमारीपासून जन्म ठामपणे सांगितला आहे. त्यानंतर मरियेच्या संसाराचं काय झालं यावर एक ओळही नाही. मला ही गप्पताच या वादाची किल्ली वाटते. शास्त्र बोलत नाही तिथे परंपरेने बोलावं की गप्प राहावं, हाच खरा मतभेद आहे.

सेमिनरी हिल्सवर चढलात की बायबल उघडा. या टेकडीला नाव ज्या सेमिनरीवरून मिळालं तिथे तरुण फादर होण्यासाठी शिकतात, तेव्हा वचनांचा कीस काढायला याहून योग्य जागा नाही. आत जायला परवानगी लागते. नाही मिळाली तर बाहेर सावली बघून बसा.

आधी मत्तय १:२५. मुलगा होईपर्यंत योसेफाने मरियेशी संबंध ठेवला नाही. ‘होईपर्यंत’ म्हणजे नंतर ठेवला, असा युक्तिवाद हेल्व्हिडियसने रोममध्ये सुमारे ३८० साली केला आणि ३८३ मध्ये जेरोमने त्याला उत्तर लिहिलं. जेरोमच्या बाजूचा दाखला २ शमुवेल ६:२३: दावीदाची बायको मीखल हिला मरेपर्यंत मूल झालं नाही, मेल्यावर झालं असं कोणी म्हणत नाही. दाखला बिनतोड आहे, पण तो एवढंच सिद्ध करतो की या शब्दावरून निकाल लागत नाही. काही लोक त्यावरून अखंड कौमार्यच सिद्ध झालं असं समजतात, तिथे गाडी रुळावरून उतरते. ‘प्रथमपुत्र’ या शब्दाचंही तेच. निर्गम १३:२ नुसार पहिलं मूल जन्मताच प्रथमजात ठरतं, दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही.

खरी अडचण मार्क ६:३ मध्ये आहे. याकोब, योसे, यहूदा, शिमोन हे भाऊ नावानिशी दिले आहेत आणि बहिणींचाही उल्लेख आहे. हे कोण? तीन उत्तरं आहेत. हेल्व्हिडियस म्हणतो, मरिया आणि योसेफाची नंतरची मुलं. जुना ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याचंही मत तसंच होतं, तेही दीडशेहून जास्त वर्षं आधी. जेरोम म्हणतो, मावसभाऊ. त्याचा आधार मार्क १५:४०: क्रुसाकडे दुरून पाहणाऱ्या दुसऱ्याच एका मरियेला धाकट्या याकोबाची आणि योसेची आई म्हटलं आहे. दोन नावं जशीच्या तशी जुळतात, आणि ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. पण ही मरिया म्हणजे येशूची मावशी हे दाखवायला पुढे योहान १९:२५ शी सांगड घालावी लागते, तेव्हा दोन सख्ख्या बहिणींची नावं मरियाच ठरतात, आणि चुलत-मावसभावासाठी वेगळा ग्रीक शब्द असून तो कलस्सै ४:१० मध्ये वापरलाही आहे. इथे मात्र नाही. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हेगेसिप्पसही याकोबाला प्रभूचा भाऊ आणि योसेफाचा भाऊ क्लोपा याच्या मुलाला, शिमोनाला, चुलतभाऊ म्हणतो, म्हणजे फरक त्याला ठाऊक होता.

हेल्व्हिडियसचीही बाजू निर्वेध नाही. योहान १९:२७ मध्ये मरणारा येशू आईला एका शिष्याच्या हवाली करतो. घरात चार सख्खे मुलगे असताना असं का करावं? भावांचा तेव्हा विश्वास नव्हता, हे योहान ७:५ वरून दिलेलं उत्तर ठीक आहे, पण आईला सांभाळायचं कर्तव्य त्याने संपतं का, हा प्रश्न उरतोच. लूक १:३४ मधला मरियेचा प्रश्नही असाच दोन्हीकडे ओढता येतो: वाग्दान झालेली मुलगी ‘हे कसं होईल’ विचारते, ते तिने कौमार्याचं व्रत घेतलं म्हणून, असं धर्मपंडित ऑगस्टीन म्हणतो, तिला अजून सासरी नेलं नव्हतं म्हणून, असं दुसरी बाजू म्हणते. मला दुसरं वाचन सरळ वाटतं, कारण व्रताचा उल्लेख लूक करत नाही.

तिसरं उत्तर ऐकायला कळमेश्वरला जायचं. काटोल नाक्यावरून काटोल रोडने वीसेक किलोमीटर. कळमेश्वर स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर आहे, पण गाडीच्या वेळा जुळवत बसण्यापेक्षा रस्त्याने जाणं सोयीचं. इथल्या सेंट थॉमस ऑर्थोडॉक्स थिऑलॉजिकल सेमिनरीत आधी कळवल्याशिवाय जाऊ नका. उपासनेला थांबणार असाल तर चपला-बूट बाहेर काढा, स्त्री-पुरुष वेगळ्या बाजूंना उभे राहतात आणि कुर्बाना, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, बराच वेळ चालते, तोही बहुतांशी उभ्यानेच. पाणी आधी पिऊन घ्या.

पूर्वेकडचं उत्तर असं की ते भाऊ योसेफाच्या पहिल्या बायकोचे मुलगे, म्हणजे येशूचे सावत्र भाऊ. चौथ्या शतकात सायप्रसचा बिशप एपिफानियस याने ते जोरात मांडलं. यात ‘भाऊ’ शब्द ओढाताण न करता बसतो आणि मोठ्या भावांचं येशूला दटावणंही समजतं. पण बेथलेहेमच्या प्रवासात आणि मिसरच्या पलायनात ही मोठी मुलं कुठे होती, याला शुभवर्तमानांत उत्तर नाही, आणि आधार पुन्हा त्याच आद्यशुभवर्तमानाकडे जातो.

कळमेश्वरला जाण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण वेगळं आहे. ‘नित्यकुमारी’ हा शब्द ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेच्या निर्णयात येतो आणि ६४९ च्या लॅटरन सभेने तो ठामपणे मांडला, म्हणून काहीजण सांगतात की ही श्रद्धा परिषदांनी लादली. पण मलंकारा ऑर्थोडॉक्स ज्या परंपरेचे, ती ४५१ च्या खाल्सेडॉन परिषदेनंतर वेगळी झाली. ५५३ आणि ६४९ चे निर्णय त्यांच्यावर बंधनकारक नाहीत. त्यांनी स्वीकारलेली शेवटची सार्वत्रिक परिषद ४३१ ची एफेससची, जिने मरियेला देवमाता म्हटलं. तरीही त्यांच्या सिरियाक प्रार्थनांत मरिया नित्यकुमारीच आहे. म्हणजे ही श्रद्धा फूट पडण्याआधीच पूर्व-पश्चिमेत रुजलेली होती. ती जुनी आहे म्हणून खरी, असं यातून सिद्ध होत नाही. टर्टुलियनही जुनाच आहे. पण ‘रोमने मागाहून घुसवलेली गोष्ट’ हा आरोप इथे टिकत नाही, आणि तो करणाऱ्याने आधी कळमेश्वरच्या प्रार्थना ऐकाव्यात.

परतताना वेळ उरला तर सदरला पुन्हा थांबून पाळकांना एकच प्रश्न विचारा: मार्क ६:३ मधले भाऊ कोण? नंतर हाच प्रश्न मोहननगरात विचारा. ‘तुम्ही मरियेला मानता का?’ असं विचारलंत तर दोन्हीकडे भाषण ऐकायला मिळेल. भावांबद्दल विचारलंत तर दोन्हीकडे बायबल उघडलं जाईल.