निकाल आधीच ठरलेला, मग फासे कशाला?

प्रो रेसलिंगवर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ, लिहायला घेतला तेव्हा पहिला मसुदा मी सरळ मारामारीचा केला. प्रत्येकाला ताकद, चपळाई, दम असे आकडे. फासे टाका, दम संपला की चितपट. आम्ही चौघांनी तो दोनदा खेळून पाहिला. नियमांत चूक सापडली नाही आणि मजाही सापडली नाही. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "अरे, पण कोण जिंकणार हे यांना आधीच माहीत असतं ना? मग तुझे फासे ठरवतायत काय?"

या प्रश्नाने माझे आठ महिने खाल्ले.

रेसलिंगमध्ये निकाल बुकर, म्हणजे सामन्यांची कथा आखणारा, ठरवतो. रिंगमधल्या दोघांची धाकधूक वेगळीच असते: लोक पेटतील की गप्प बसतील? हरणाऱ्यालाही असं हरावं लागतं की जिंकणारा मोठा दिसेल. म्हणून दम, ताकद सगळं काढून टाकलं. आता खेळ चालवणारा हाच बुकर. सामन्याआधी तो निकालाची चिठ्ठी दोघांच्या हातात देतो, आणि फासे सांगतात फक्त गर्दीचं. दोन फाशांची बेरीज ६ किंवा कमी आली तर डाव फसला, ७ ते ९ आली तर जमला पण काहीतरी मोजून, १० किंवा जास्त आली तर पुरता जमला. ही पद्धत माझी नाही. विन्सेंट आणि मेग्वी बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मुळे ती रूढ झाली, आणि तसं श्रेय पहिल्याच पानावर दिलंय. ३६ पैकी १५ वेळा ७ ते ९ येतात, तेव्हा खरा रस तिथेच भरायला हवा होता. खांदा दुखावतो, जोडीदार चिडतो, किंवा हीलला, म्हणजे खलनायकाला, चक्क टाळ्या पडतात. त्याच्यासाठी ते शिव्यांपेक्षा वाईट.

९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये रेसलर ब्रेट हार्टने हार मानलेली नसताना घंटा वाजवली गेली. निकाल बदलल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हे खेळात हवंच होतं. नियम केला: बुकर एका बैठकीत एकदा चिठ्ठीतला निकाल गुपचूप बदलू शकतो. चाचणीत तो वापरला आणि ज्याचा विजेतेपदाचा पट्टा गेला तो मित्र खरोखरच रुसला. पात्राचा राग आणि माणसाचा राग यांतली भिंत इतकी पातळ असेल असं वाटलं नव्हतं. मग नियमाआधी एक अट घातली: सगळ्यांची संमती सुरुवातीलाच विचारायची, आणि टेबलावर 'थांबा' लिहिलेलं कार्ड ठेवायचं, उचलणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती अनोळखी गटाबरोबरची चाचणी. फक्त मजकूर दिला आणि कोपऱ्यात तोंड मिटून बसलो. (हे फार अवघड जातं.) एकाने 'हील' वाचून आपलं काम जखमा बऱ्या करण्याचं आहे असं धरलं आणि तासभर तेच केलं. त्या रात्री शब्दसूची शेवटच्या पानावरून तिसऱ्या पानावर आली. खऱ्या रेसलरांची नावं नमुन्यातूनही काढली. रिंगमधली नावं बहुधा कुणाच्या तरी ट्रेडमार्कमध्ये अडकलेली असतात.

छपाईबद्दल थोडक्यात. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. माझी ४६ भरली, म्हणून फिनिशर, म्हणजे सामना संपवणाऱ्या, डावांची लाडकी यादी कापून ४४ वर आणली. चित्रं आरजीबीमध्येच, म्हणजे छपाईच्या नव्हे तर स्क्रीनच्या रंगांत, पाठवल्यामुळे प्रूफमध्ये लाल पट्टा विटकरी दिसला, ती चूक माझीच. पीडीएफ इच.आयओ या खेळांच्या साइटवर एका संध्याकाळी चढली. छापील शंभर प्रती यायला मात्र वेळ लागला.

आणि आल्या तेव्हा अकराव्या पानावर '७ ते ९' ऐवजी '७ ते १०' छापलेलं. म्हणजे १० आले की डाव अर्धवटही जमला आणि पुरताही. हातात उरलेल्या प्रत्येक प्रतीवर चिकटपट्टी हाताने लावली. त्याआधीच गेलेल्या काही प्रतींपैकी एका गटाने मला कळवलं की १० आले की ते बाकीच्यांना ओरडायला लावतात आणि आवाजावरून ठरवतात. दुसऱ्या आवृत्तीत तो नियम घेतलाय. त्याच्या जागेसाठी आता एक चित्रही काढून टाकावं लागणार.