हिप रिसर्फेसिंग झालं, पण पेनकिलरचं काय?

माझ्या उजव्या खुब्याचं रिसर्फेसिंग झालंय आणि किडनी आधीपासूनच कमी ताकदीवर चालतेय, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजी आकडा) पन्नासच्या खाली. ऑपरेशननंतर काय करायचं याचे जे छापील कागद हातात देतात ना, ते धडधाकट किडनीवाल्यांसाठी असतात. त्यातल्या जवळपास प्रत्येक ओळीसमोर मला पेनने प्रश्नचिन्ह काढावं लागलं.

आधी हे ऑपरेशन काय असतं ते सांगते, कारण सगळे त्याला सरसकट हिप रिप्लेसमेंटच म्हणतात. रिप्लेसमेंटमध्ये मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापूनच टाकतात, रिसर्फेसिंगमध्ये तो ठेवतात, तासतात आणि वर टोपी बसवतात, समोरच्या खोबणीत वाटी. सगळ्यात गाजलेलं डिझाइन 1997 साली बर्मिंगहॅममध्ये डेरेक मॅकमिन यांनी आणलं, ते कोबाल्ट-क्रोमचं, म्हणजे धातूवर धातू घासणार. घासून सुटलेले धातूचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे आयन, रक्तात जातात आणि बाहेर पडतात ते लघवीतून, म्हणजे शेवटी भार किडनीवरच. 2010 मध्ये एएसआर नावाचं मेटल डिझाइन जगभरातून परत मागवलं गेलं, तेव्हा तर चांगल्या किडन्यावाल्यांचंही कोबाल्ट वाढलेलं होतं. त्यामुळे मेटलला माझ्या नेफ्रोने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, सरळ नाही म्हटलं. मला सिरॅमिकचं बसवलंय. त्याचा अनुभव मेटलएवढा जुना नाही, हे ऑर्थोनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, पण कोबाल्टची टांगती तलवार तरी नाही.

आता दुखणं. अशा ऑपरेशननंतर सूज-वेदनेसाठी सर्रास आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे देतात आणि माझ्यासाठी नेमकं तेच बंद. किडनीत रक्त नेणारी बारीक नळी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन मदत करतं, या गोळ्या तेच दाबतात, त्यात ऑपरेशनने बीपी खाली आलेलं, पाणी कमी गेलेलं, मग किडनीला रक्त पोचणार कसं. वॉर्डात एका रात्री ड्यूटीवरची नवीन सिस्टर ट्रेमध्ये छोटी गुलाबी गोळी घेऊन आली, मी विचारलं कसली, म्हणाली दुखण्याची, मी म्हटलं ताई नाव वाचा ना स्ट्रिपवरचं. डायक्लोफिनॅक. फाइलवर लाल अक्षरात लिहिलेलं होतं, फक्त त्या पानापर्यंत कुणी गेलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक गोळीचं नाव विचारायचंच असं ठरवून टाकलं, लोक कटकटी म्हणाले तरी चालेल.

मग राहतं काय, तर पॅरासिटामॉल, बर्फाचा शेक आणि मोजून थोडं ओपिऑइड (अफूच्या जातीचं कडक पेनकिलर). त्यातही मॉर्फिनचे अवशेष किडनी कमजोर असली की अंगात साचतात म्हणून ते टाळलं. ओपिऑइडने पोट साफ होत नाही, त्यावरचं रेचक घ्यायला जावं तर मॅग्नेशियमवालं चालत नाही!! रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात टोचतात त्या इंजेक्शनचा डोसही किडनी बघून ठरवला. प्रोटीन जखम भरायला जास्त हवं आणि किडनीसाठी बेताने, ही ओढाताण डाएटिशियन आणि नेफ्रोने मिळून सोडवली, माझ्या अकलेने काही केलं नाही आणि तुम्हीही करू नका.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती क्रिएटिनिनची, म्हणजे रक्तातल्या त्या टाकाऊ पदार्थाची ज्याच्या आकड्यावरून ईजीएफआर काढतात. घरी आल्यावर काही आठवड्यांनी टेस्ट केली तर क्रिएटिनिन चक्क कमी, ईजीएफआर गेल्या दोन वर्षांत नव्हता तेवढा छान. घरात सगळे खूश, ऑपरेशन किडनीला मानवलं म्हणे. नेफ्रोने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले जरा मांडी दाखवा. त्याच आठवड्यात फिजिओने टेपने दोन्ही मांड्या मोजल्या होत्या, उजवी चांगली बारीक झालेली, गुडघ्याच्या वरची कातडी सैल लोंबतेय. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून, स्नायू झिजले की ते कमी बनतं आणि किडनी होती तिथेच असली तरी आकडा सुधारल्यासारखा दिसतो. म्हणून त्यांनी सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्ततपासणी करायला लावली, ती स्नायूंवर एवढी अवलंबून नसते. त्यावरून काढलेला ईजीएफआर जुन्याच जागी होता. खरं सांगायचं तर हायसं वाटलं, निदान घसरला तरी नाही.

चालण्याचं म्हणाल तर एका कुबडीवर आलेय. टोपीखालची हाडाची मान सुरुवातीच्या महिन्यांत मोडायची भीती असते म्हणून धावणं, उड्या सध्या अजिबात नाही, आणि थकवा मात्र अपेक्षेपेक्षा जास्त आहे कारण किडनीमुळे हिमोग्लोबिन आधीच कमी आणि ऑपरेशनमध्ये गेलेलं रक्त सावकाश भरून येतंय. जिना चढला की मधल्या पायरीवर टेकतेच.

फिजिओने आता जागेवरची सायकल सुरू करायला सांगितलीय, मांडी भरायला. नेफ्रोने त्यावर लगेच बजावून ठेवलंय की स्नायू परत आले की क्रिएटिनिन थोडं वर जाईल, तेव्हा रिपोर्ट बघून मला रात्री अकराला फोन करू नका.