दुपारचे सहा तास आणि घरभर पोट्टे

मी राहते त्या इंग्लंडमध्ये शाळेची उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि सप्टेंबर उजाडला की संपते, जेमतेम सहा आठवडे. आपल्याकडची सुट्टी त्याहून मोठी. तरी इथल्या आयांना जूनपासूनच घोर लागतो, कारण घरात दोघंही नोकरीला, आजी-आजोबा दुसऱ्या गावी, आणि दिवसभर मुलं सांभाळणाऱ्या हॉलिडे क्लबची फी ऐकून माझे बाबा म्हणाले होते, "एवढ्यात तर आमचा पंधरा दिवसांचा किराणा येते!"

त्यामुळे कमी पैशांत मुलांना रमवायची विद्या इथे बरीच पुढे गेलेली आहे. नागपूरहून वहिनीचा फोन आला, "तुम्ही तिकडे काय करता सांगा ना, इथे पोट्ट्यांनी डोकं उठवलंय," तेव्हा मी यादी करायला बसले. आणि निम्मी यादी लिहून झाल्यावर लक्षात आलं की मे महिन्यातल्या नागपुरात यातलं अर्धं निरुपयोगी आहे.

इथे लीड्समध्ये उन्हाळा म्हणजे बाहेर पडायचे दिवस. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड असतो. डबा भरायचा, रेनकोट बॅगेत टाकायचा (तो उन्हाळ्यातही लागतोच) आणि निघायचं. 2001 पासून इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेश फुकट आहे. जवळच्या यॉर्कला रेल्वेचं मोठं संग्रहालय आहे, तिथे जपानी बुलेट ट्रेनच्या डब्यात मुलं बसून येतात आणि खर्च होतो तो फक्त तिथे जाण्यायेण्याचा. रविवारी सकाळी बागेत चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दोन किलोमीटरची धाव असते, तीही फुकट. ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांना ब्लॅकबेरी लागतात. डबे घेऊन मुलं तोडत बसतात. कमरेखालची फळं घ्यायची नाहीत, एवढा एकच नियम. कारण खाली कुत्र्यांनी काय केलंय ते सांगता येत नाही.

आता हे सगळं 45 अंशांत करून बघा!

नागपूरचा प्रश्नच वेगळा आहे. तिथे सकाळ आपली, संध्याकाळ आपली. भांडण आहे ते अकरा ते पाच या सहा तासांशी. म्हणून वहिनीला मी यादी दिली नाही, घड्याळ दिलं. सकाळी सहा ते नऊ मुलांना घरात ठेवायचंच नाही. महाराजबाग, अंबाझरी, नाहीतर सेमिनरी हिल्सचा चढ, जे जवळ पडेल ते. सायकल, बॅट, दोरीवरच्या उड्या, सगळी दांडगाई तेव्हाच उरकायची. मुलगा सकाळी दमला नाही तर दुपारी तो तुम्हाला दमवणार, हे पक्कं.

दुपारसाठी कुलरसमोरची फरशी आणि मूठभर चिंचोके पुरतात. चिंचोका खरबरीत दगडावर घासून दोन फाकी करायच्या. पोरांचा अर्धा तास त्यातच जातो. चार फाकी, खडूने आखलेली पंचवीस घरं, आणि चंगाअष्टा सुरू. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि दोन्हीला पुन्हा डाव. इथे सेकंडहँड दुकानांतून मी पौंड-दोन पौंडाला पुष्कळ बैठे खेळ आणले, पण सहा वर्षांची आणि सत्तर वर्षांची खेळाडू एकाच ईर्ष्येने भांडतील असा खेळ मला त्यात सापडला नाही. आजी रडीचा डाव खेळते ही तक्रार आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर येते.

घरात कुरडया व्हायच्या असतील तर वेगळं काही शोधायचीच गरज नाही. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा: यातलं बरंचसं काम पोट्ट्यांना देता येतं. गरम चीक वाटीत घेऊन खायला मिळणार म्हटल्यावर कोणी कुरकुरत नाही. शिजवायचं आणि ढवळायचं काम मात्र मोठ्यांनीच करावं, तो चीक हाताला चिकटला की फार भाजतो. गच्चीवर वाळवणाची राखण पूर्वी मुलांकडेच असायची. आता ती सकाळी नऊपर्यंतच ठेवा, पुढचे कावळे आपले आपण बघून घेऊ.

आणि एक गंमत अशी आहे की जी लीड्सच्या मुलांना कितीही पैसे मोजून त्यांच्या गावात मिळणार नाही. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 21 अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. पहिला शून्य सावलीचा दिवस 26 मेच्या आसपास, ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत. वेळ बारा वाजून दहा मिनिटांच्या जवळपास. दुसरा जुलैत येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं, म्हणून मेचाच साधा. आठ दिवस आधीपासून गच्चीवर एक उभट डबा ठेवून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला लावा. डोक्याला दुपट्टा, पायात चपला, पाच मिनिटं की खाली. सावली रोज आखूड होत जाते आणि एका दिवशी डब्याबाहेर उरतच नाही. आमच्या इथे भर उन्हाळ्यातही सूर्य साठ अंशांच्या वर चढत नाही, सावली कधी पाय सोडून जात नाही. माझ्या धाकटीला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना, मामेभावाने फोटो पाठवला तेव्हा कुठे बसला.

इथलं एक मात्र उचलावं असं. 1999 पासून इथल्या ग्रंथालयांत सुट्टीभर मुलांसाठी वाचनाची मोहीम चालते. मुलांनी आपल्या आवडीची पुस्तकं न्यायची, परत करताना त्यातलं काय आवडलं ते तिथल्या बाईंना सांगायचं, स्टिकर घ्यायचं, शेवटी पदक. पैसा एक लागत नाही. आपल्या कॉलनीत हे करायला ग्रंथालयही नको. पाच घरांतली पुस्तकं एका खोक्यात, खोकं दर आठवड्याला पुढच्या घरी. पुस्तकं कमी पडली तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. 1971 पासूनचं मासिक आहे, सुट्टी संपेल पण ते संपणार नाही. पदकाऐवजी आईस्क्रीमचा कप चालतो, उलट जास्त चालतो.

पैसे घालून एक-दोनदा बाहेर जायचंच असेल तर मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आणि रमण विज्ञान केंद्र, ही माझी पसंती. आपल्याकडच्या समर कॅम्पांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. दहा दिवसांत ग्लिटर चिकटवलेले तीन कागद घरी येतात आणि तेवढ्या पैशांत चांगली सायकल दुरुस्त होते.

संध्याकाळी फुटाळा तलावावर जाल तेव्हा गोळा, फुगा, अजून एक गोळा असं होतं. त्यावर वहिनीनेच तोडगा काढला आहे: निघतानाच प्रत्येकाच्या हातात पन्नास रुपये द्यायचे, उरले तर त्याचे. आता भाचा गोळेवाल्याशी घासाघीस करतो, आणि भाची घरूनच पाण्याची बाटली भरून नेते.