मारी क्युरी फेलोशिपचा अर्ज: माझा अनुभव

पीएचडी संपत आली की फेलोशिपच्या याद्या आपोआप फिरायला लागतात. ग्रुपवर कुणीतरी एक्सेल फाइल टाकतं. तिच्यात ढीगभर नावं आणि प्रत्येकापुढे देश, रक्कम, शेवटची तारीख. सगळ्यात महत्त्वाचा रकाना मात्र या याद्यांत बहुधा नसतो, तो पात्रतेचा. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात केली. जिथे मला अर्ज करताच येणार नाही, ती नावं आधी काढून टाकली.

यात पटापट नावं गळतात. ह्युमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची फेलोशिप जीवविज्ञानाची, आणि तिथे पीएचडीच्या कामापासून स्पष्टपणे वेगळी वाट धरावी लागते. हुंबोल्ट जर्मनीतल्या संस्थांसाठी. जपानच्या जेएसपीएस पोस्टडॉकला पीएचडी होऊन किती वर्षं झाली याची मर्यादा. ब्रिटनची न्यूटन फेलोशिप ब्रिटनबाहेर काम करणाऱ्यांसाठी. प्रत्येक नियमाला पोटनियम आणि अपवाद असतात, आणि ते मूळ नियमपुस्तिकेतच वाचावे लागतात. सांगोवांगी माहितीवर एकही नाव यादीत ठेवायचं नाही आणि काढायचंही नाही, हे मी कटाक्षाने पाळलं.

माझा विषय शाईचा. मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली लोहयुक्त शाई युरोपात अनेक शतकं वापरात होती. त्या शाईतलं जादा लोह आणि आम्ल मिळून कागदाचे तंतू तोडत राहतात. जिथे शाईचा थर जाड असतो तिथला कागद कालांतराने गळून पडतो आणि अक्षराच्या आकाराचं भोक उरतं. दमट हवेत हे लोह कागदात कुठवर सरकतं, यावर माझी पीएचडी. पुढचं काम खऱ्या दस्तऐवजांवर करायचं होतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळेइतकीच संवर्धकांची सोबत हवी होती. रसायनशास्त्र म्हणावं तर अर्धं काम अभिलेखागारातलं, आणि इतिहास म्हणावा तर हातात क्ष-किरणांचं यंत्र. अशा मधल्या विषयाला जागा देणारी योजना म्हणून युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप समोर आली. विषयाचं बंधन नाही, राष्ट्रीयत्वाचं नाही. यजमान संस्था मात्र युरोपीय संघात किंवा संघाच्या 'होरायझन युरोप' या संशोधन-निधी कार्यक्रमाशी संलग्न असलेल्या देशात हवी. कालावधी एक ते दोन वर्षं.

मी २०२३ च्या फेरीत अर्ज केला, त्यामुळे पुढचे नियम त्या फेरीचे आहेत. मुदतीच्या दिवसापर्यंत पीएचडी झालेली हवी, पण तोंडी परीक्षा यशस्वी झाली असेल तर पदवी प्रत्यक्ष हातात नसली तरी चालत होतं. पीएचडीनंतर संशोधनात आठ वर्षांपेक्षा जास्त काळ गेलेला नसावा, मात्र बाळंतपण, आजारपण किंवा संशोधनाबाहेरची नोकरी यांत गेलेला काळ त्यातून वजा होतो. संशोधनात खंड पडलेल्या कितीतरी जणी हे पोटकलम न वाचताच स्वतःला बाद करतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिसरी अट स्थलांतराची. मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलात किंवा काम केलंत, त्या देशातली संस्था निवडता येत नाही. सुटीसाठीच्या छोट्या मुक्कामांना ही अट लागत नाही. मी पासपोर्टवरचे शिक्के आणि करारांच्या तारखा समोर ठेवून एक तक्ता केला. पुढे संस्थेच्या कार्यालयाने नेमकी हीच माहिती मागितली, तेव्हा तो जसाच्या तसा पाठवता आला.

यानंतरचा भाग अर्ज लिहिण्यापेक्षाही मोलाचा होता, असं माझं ठाम मत आहे. ही फेलोशिप एकट्याने मागायची नसते. अर्ज कागदोपत्री यजमान संस्थेचा असतो, पोर्टलवर मुख्य संपर्क म्हणून मार्गदर्शकाचं नाव असतं, आणि गुणांचा मोठा वाटा 'या माणसाने याच जागी का जावं' या प्रश्नावर ठरतो. जागा चुकली तर कितीही सुंदर लिहिलं तरी ते उत्तर लंगडंच राहतं.

जागा शोधायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला कॉर्डिसचा. युरोपीय निधीवर चाललेल्या प्रकल्पांची ही सार्वजनिक माहितीपेढी आहे. तिथे प्रकल्पाचं नाव, यजमान संस्था, रक्कम आणि सारांश कुणालाही वाचता येतो. मी कागद, रंगद्रव्यं, हस्तलिखितं, क्ष-किरण असे शब्द टाकून मंजूर झालेल्या प्रकल्पांचे सारांश वाचत गेले. सारांश वाचता वाचता दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, कोणत्या संस्थांना असे फेलो सांभाळायची सवय आहे. दुसरी म्हणजे, मंजूर सारांशांचा सूर. 'या विषयाचा सखोल अभ्यास केला जाईल' अशी भाषा त्यांत क्वचितच होती. अमुक माहीत नाही, ते अमुक पद्धतीने मोजणार, मोजल्यावर अमुक निर्णय घेता येईल, असा सरळ धागा होता. दुसरी जागा शोधनिबंधांच्या शेवटची, आभाराच्या परिच्छेदातली. आपल्या विषयातल्या कुणाला कोणत्या योजनेतून पैसे मिळाले, हे तिथे उघड लिहिलेलं असतं. शिवाय युरॅक्सेस या संशोधकांसाठीच्या युरोपीय पोर्टलवर संस्था स्वतःच 'आमच्याकडून अर्ज करा' अशी आवाहनं टाकतात, आणि त्यांच्या अंतर्गत तारखा मुख्य मुदतीच्या बऱ्याच आधी असतात.

मी निवडलेल्या प्राध्यापकबाईंना लिहिलेलं पहिलं पत्र लहान होतं. त्यांच्या एका निबंधातल्या आलेखात अक्षराच्या कडेबाहेर लोह पसरलेलं दिसत होतं, पण कागदाच्या मागच्या बाजूचं मोजमाप त्यात नव्हतं. ते माझ्या पद्धतीने नमुना न कापता करता येईल असं मी लिहिलं, आणि सोबत माझ्याच कामातली एक आकृती जोडली. त्याखाली तीन ओळी: मी कोण, कोणत्या फेरीसाठी अर्ज करू इच्छिते, नियमांत बसते का. बायोडेटा सोबत होताच, पण पत्रात त्याची उजळणी केली नाही. बाईंचं उत्तर आलं ते थेट त्या आकृतीबद्दल, दोन शंका घेऊन. मार्गदर्शक नुसता 'हो' म्हणणारा असून भागत नाही, शंका घेणारा लागतो. मसुद्याच्या प्रत्येक फेरीत मला हे जाणवत राहिलं.

मग आला पॅनेलचा प्रश्न. अर्ज आठ पॅनेलांपैकी एकात टाकावा लागतो: रसायन, समाजविज्ञान आणि मानव्यविद्या, अर्थशास्त्र, अभियांत्रिकी व माहितीशास्त्र, पर्यावरण व भूविज्ञान, जीवविज्ञान, गणित, भौतिकी. तो निर्णय अर्जदाराचा. त्याच्या जोडीला निवडलेल्या बीजशब्दांवरून परीक्षक ठरतात, म्हणजे आपला वाचक कोण असेल हे बऱ्याच अंशी आपणच ठरवत असतो. माझा विषय रसायन आणि मानव्यविद्या यांच्या सीमेवरचा. बाईंशी यावर लांबलचक बोलणं झालं. त्यांचा प्रश्न साधा होता: "प्रकल्प फसला तर तो कुठे फसेल?" तो फसला असता तर मोजमापात फसला असता. इतिहासाच्या अभ्यासकाला ती जोखीम तोलता आली नसती, रसायनशास्त्रज्ञाला आली असती. म्हणून रसायन पॅनेल घेतलं आणि बीजशब्दांत सांस्कृतिक वारसा आवर्जून ठेवला.

प्रस्तावाच्या मुख्य भागाला दहा पानं. अकरावं पान परीक्षकांना दिसतच नाही, आणि संदर्भांच्या तळटीपाही याच दहा पानांत बसवायच्या. गुणांची विभागणी जाहीर असते: उत्कृष्टता ५० टक्के, परिणाम ३०, अंमलबजावणी २०. मी अर्जाच्या ठरलेल्या साच्यातली उपशीर्षकं जशीच्या तशी ठेवली आणि प्रत्येकाखाली, परीक्षकाला तिथे कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, ते समासात लिहून ठेवलं. ज्या वाक्याने त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं, ते कितीही आवडतं असलं तरी काढलं.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो दुतर्फा ज्ञान-देवाणघेवाणीच्या भागाने. मी तिथून काय शिकणार हे लिहिणं सोपं असतं. मी तिथे काय घेऊन जाणार, हेही तितक्याच नेमकेपणाने लिहावं लागतं. 'माझ्या अनुभवाचा गटाला लाभ होईल' हे वाक्य मसुद्यात होतं. त्याच्या जागी आलं: 'पहिल्या सहामाहीत गटातल्या दोन पीएचडी विद्यार्थ्यांना क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या मोजमापांचं अंशांकन शिकवेन आणि त्याची लिखित कार्यपद्धती प्रयोगशाळेत ठेवेन.' लांबी तिपटीहून जास्त झाली, पण आता ते तपासून पाहता येतं.

पूर्ण मसुदा मी खगोलभौतिकीतल्या एका मैत्रिणीला दिला, कारण परीक्षक आपल्याच गल्लीतला असेल याची खात्री नसते. दुरुस्त्या करू नकोस, वाचताना जिथे थांबावं लागेल तिथे पेन्सिलीने उभी रेघ मार, एवढंच सांगितलं. पहिल्या पानावर बऱ्याच रेघा आल्या, आणि त्या शास्त्रीय संज्ञांवर नव्हत्या. बहुतेक रेघा होत्या 'यामुळे', 'त्या दृष्टीने', 'या अनुषंगाने' अशा जोडशब्दांवर. "कशामुळे ते मला मागे जाऊन शोधावं लागतंय," ती म्हणाली. त्या ठिकाणी कारण पुन्हा लिहिलं, तेव्हा पान वाढलं नाही, उलट चार ओळी कमी झाल्या.

अशी मैत्रीण, असा मार्गदर्शक आणि मोठ्या विद्यापीठातलं अनुदान कार्यालय सगळ्यांच्या नशिबी नसतं. काही संस्थांत मसुदा वाचायला पूर्णवेळ माणसं असतात, जुन्या यशस्वी अर्जांच्या प्रती असतात, कार्यशाळा होतात. दुसरीकडे कुणी एकटा साच्याच्या सूचना वाचत बसलेला असतो. गुण दोघांना एकाच मापाने मिळतात. म्हणून मी मागेन त्याला माझा मंजूर अर्ज आणि मूल्यमापन अहवाल देते. मलाही एका आधीच्या फेलोने, काहीही ओळख नसताना, स्वतःचा अर्ज वाचायला पाठवला होता. अनोळखी माणसाला असं विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं. दरवर्षी प्रत्येक सहभागी देशातले राष्ट्रीय संपर्क अधिकारीही शंकांना विनामूल्य उत्तरं देतात.

पोर्टलबद्दल थोडंच सांगते. मुदत ब्रुसेल्सच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचची. अर्ज मुदतीपर्यंत कितीही वेळा पुन्हा दाखल करता येतो, शेवटचा धरतात, तेव्हा पूर्ण झालेला मसुदा आधीच एकदा दाखल करून ठेवावा. नैतिकतेची प्रश्नावली हलक्यात घेऊ नये. शिफारसपत्रं लागत नाहीत, ही मोठी सुटका.

त्या फेरीत ८,०३९ अर्ज आले आणि १,२४९ जणांना फेलोशिप मिळाली. प्रत्येक अर्ज साधारणपणे तीन परीक्षक स्वतंत्रपणे वाचतात आणि मग एकमताचा अहवाल होतो. उत्तीर्ण होण्याची रेषा ७० असली तरी प्रत्यक्ष निधी मिळायला त्याहून बरेच जास्त गुण लागतात. ८५ किंवा अधिक गुण मिळूनही निधी न मिळालेल्यांना 'सील ऑफ एक्सलन्स' देतात, आणि काही देश त्या प्रमाणपत्रावर स्वतःचा निधी देतात. निकाल फेब्रुवारीत लागला आणि माझं नाव मंजुरीच्या यादीत होतं. अहवालातली बलस्थानं मी एकदा वाचली. उणिवा मात्र अजून वापरते. 'अभिलेखागारांपर्यंत निष्कर्ष पोचवण्याचा मार्ग पुरेसा ठोस नाही,' असं त्यात होतं. ते खरंच होतं, आणि प्रकल्प सुरू होताच आम्ही तीन अभिलेखागारांच्या संवर्धकांना नमुने निवडण्याच्या बैठकीत बसवलं.

पैशांबद्दल नव्या अर्जदारांनी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. तेव्हा निर्वाह भत्ता महिना ५,०८० युरो जाहीर होता, त्यावर देशानुसार गुणक, शिवाय ६०० युरो स्थलांतर भत्ता. हा आकडा संस्थेला मिळणाऱ्या रकमेचा असतो. त्यातून मालकाने भरायची सामाजिक सुरक्षेची वर्गणी आणि मग आपला कर जातो, त्यामुळे हातात येणारा पगार बराच कमी असतो आणि देशागणिक बदलतो. घर शोधण्याआधी संस्थेच्या मनुष्यबळ विभागाकडून हातात येणाऱ्या पगाराचा अंदाज लेखी मागावा. मला तो मिळायला थोडा पाठपुरावा करावा लागला. करारावर सही मी तो आल्यावरच केली आणि रुजू होण्याची तारीख व्हिसाच्या कागदांना पुरेसा वेळ मिळेल अशी पुढची घेतली.