नवी गुठळी नव्हती, तरी धाप लागत होती

फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याचं निदान झालं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने एकही गोळी चुकवली नाही, तरी एक जिना चढला की धाप लागायची. सीटी अँजिओच्या (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनच्या) रिपोर्टमध्ये ‘नवी गुठळी नाही’ असं आलं. घरचे निश्चिंत झाले. मलाही वाटायला लागलं की हे सगळं माझ्या मनाचेच खेळ आहेत. त्यात आणखी चार महिने गेले.

पुढे इकोमध्ये हृदयाची उजवी बाजू मोठी दिसली आणि नव्या डॉक्टरांनी व्हीक्यू स्कॅन सांगितला. आधी किंचित किरणोत्सारी फवारा श्वासातून आत घ्यायचा, मग शिरेत इंजेक्शन. पहिल्यातून हवा कुठवर जाते ते कळतं, दुसऱ्यातून रक्त कुठवर पोचतं ते. हवेच्या चित्रात माझी दोन्ही फुप्फुसं भरलेली होती. रक्ताच्या चित्रात मात्र कडेकडेने पाचरीसारखे तुकडेच्या तुकडे गायब. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पाहिली आणि मला रडू आलं. माझी धाप खरी होती!

न विरघळलेली गुठळी धमनीच्या भिंतीला चिकटते, तिचे पट्टे, जाळ्या होतात. सीटीत त्या सहज नजरेतून सुटू शकतात. आधीच्या सीटीच्या चित्रांची सीडी पुन्हा बघितली तर तेव्हाही त्या तिथे होत्या. म्हणून सांगते, नुसता कागदी रिपोर्ट नको, चित्रांची सीडी मागून घ्या. पुढची तुलना त्याच चित्रांशी होते.

कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून मोजलेला फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब ४६ निघाला. २० च्या वर गेला की तो जास्त धरतात. काहींच्या गुठळ्या शस्त्रक्रियेने काढता येतात. माझ्या धमनीच्या फार बारीक फांद्यांमध्ये होत्या, म्हणून त्या फांद्या आतून फुग्याने रुंद करायचं ठरलं. एका वेळी थोड्याच फांद्या, त्यामुळे आतापर्यंत चार सिटिंग झाली.

परवा पुन्हा व्हीक्यू झाला. मुद्दाम त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने. उजवीकडचा खालचा भाग भरलाय. दाबही ३१ वर आलाय, पण तो कॅथेटरने कळला. चित्र सुधारलं म्हणजे दाब तेवढाच उतरला, असं धरता येत नाही. डावीकडची वरची पाचर अजून तशीच आहे. पाचवं सिटिंग तिच्यासाठी.