दिल्लीला जाऊन झुकझुकगाडीत बसायचं?

लग्नाच्या पंगतीत, बँकेत पासबुक भरायच्या रांगेत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांसमोर आ वासून बसलेली असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. "बाई, वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसायला तुम्ही म्हणे दिल्लीला जाता?" पाठोपाठ, जरा मऊ आवाजात, दुसरा: "वडील रेल्वेत फायरमन होते ना तुमचे, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे? त्यांच्या आठवणीसाठी जात असाल." दाताच्या डॉक्टरांना मी नुसतं "आँ" म्हणाले. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

पहिल्याचं उत्तर हो. दोनदा गेलेय. मिरजेहून रात्री गोवा एक्स्प्रेस धरायची, मधला अख्खा दिवस बर्थवर काढायचा, दुसरी रात्र संपली की निजामुद्दीन. येताना पुन्हा तेवढंच. म्हणजे प्रवासाच्या चार रात्री आणि वाफेच्या गाडीत जाऊन-येऊन पाचेक तास. माझ्या मुलाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून माझ्यासमोर ठेवला होता. मी त्याच कागदावर वाणसामानाची यादी केली.

दुसऱ्याचं उत्तर नाही. मुळात आप्पा "होते" नाहीत, आहेत. ऐंशी उलटली तरी सकाळी स्वतःचा चहा स्वतः करतात. फायरमन होते, ते आता नाहीत, आणि त्याचा त्यांना आनंद आहे. वाफ गेली तेव्हा काय वाटलं, असं कुणी हळवं होऊन विचारलं की ते म्हणतात, "सुटलो." पुढे काही नाही. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यांनाही चला म्हटलं होतं. "मला पगार देणार हैत का?" म्हणाले.

ज्यांना आमचं मिरज नुसतं जंक्शन म्हणून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. एके काळी इथे तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज, तीही अडीच फुटी. आप्पा मीटरगेजवर होते. उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा ही नावं मला गावं म्हणून कळायच्या आधी आप्पांच्या परत यायच्या वेळा म्हणून पाठ होती. ते आले की उंबऱ्याबाहेरच कपडे काढायचे. आई ते सोड्याच्या पाण्यात उकळायची, पाचशे एकच्या वडीने घासायची, आणि तरी तिसऱ्या पाण्यापर्यंत बादली काळीच. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लव नव्हती. मला वाटायचं, सगळ्याच वडिलांचा हात असा असतो.

लोक म्हणतात, हौसच आहे तर माथेरानला जा, उटीला जा. गेलेय. चांगल्या आहेत त्या गाड्या. पण त्या डोंगरातल्या अरुंद रुळांच्या, आपल्या चालीनं रमतगमत जाणाऱ्या. मेन लाईनवर, शेजारून राजधानी-शताब्दी धावताहेत अशा रुळांवर, सव्वापाच फुटांहून रुंद गेजचं भलं मोठं इंजिन डबे ओढत नेतंय, ही गोष्टच वेगळी. देशात ब्रॉडगेजवरची रोजची वाफ 1995 च्या डिसेंबरात संपली. त्यानंतर अशी गाडी बघायची तर दिल्ली-रेवाडीकडे जावं लागतं. रेवाडीला 1893 सालची लोको शेड आहे आणि तिथे जुनी इंजिनं नुसती रंगवून ठेवलेली नाहीत, चालती ठेवलीत. हिवाळ्यात कधीमधी त्यातलं एखादं दिल्ली कॅन्टोन्मेंटहून रेवाडीपर्यंत गाडी घेऊन जातं. सत्तरेक किलोमीटर. दुपारी शेड बघायची, संध्याकाळी परत.

पहिल्या खेपेला आमच्या गाडीला अकबर नावाचं इंजिन होतं. डब्ल्यूपी जातीचं, नंबर 7161, चित्तरंजनच्या कारखान्यात 1965 साली बनलेलं. बंदुकीच्या गोळीसारखं पुढे आलेलं नाक आणि त्यावर चांदणी. थंडीतल्या फलाटावर ते उभं होतं आणि खरं सांगायचं तर "उभं होतं" हा शब्द चुकीचा आहे. डिझेल इंजिन उभं असतं. हे आतल्या आत काहीतरी करत होतं. कुठून तरी थेंब पडतोय, कुठून बारीक सुस्कारा, मध्येच बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर सुरू झाला की चहाच्या किटलीसारखी शीळ. तोंडावर गरम, पाठीवर गार. इंजिन आदल्या दिवशीच पेटवून ठेवावं लागतं. एवढा मोठा बॉयलर घाईनं तापवला तर पत्रा सगळीकडे सारखा फुगत नाही. आप्पा म्हणायचे, "बाळंतिणीगत गरम करायचं."

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पाण्याची वाफ झाली की ती सोळा-सतराशे पट जागा मागते, हे दरवर्षी फळ्यावर लिहिलं. त्या दिवशी ड्रायव्हरने वाफ सोडायचा रेग्युलेटर उघडला, दोन्ही बाजूंनी सिलिंडरमधलं साचलेलं पाणी वाफेबरोबर फर्रकन बाहेर आलं, फलाट दिसेनासा झाला आणि माझ्या पुढ्यातलं माणसाच्या उंचीचं चाक इतकं हळू फिरलं की त्याचा एकेक आरा मोजता यावा. पहिला ठोका. मग बराच वेळ काही नाही. दुसरा ठोका.

तो ठोका म्हणजे लहानपणी आपण तोंडाने काढतो तो झुक. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार झुक. डब्ल्यूपीचं मोठं चाक साधारण एक मीटर सत्तर सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्याला पाच मीटरपेक्षा जरा जास्त अंतर. ताशी वीसच्या वेगाला सेकंदाला चार ठोके पडतात, चाळीसला आठ. मी मोबाईलवर घड्याळ लावून गुडगावपर्यंत मोजत होते. चाळीसच्या पुढे बोटं हरतात, नुसती घरघर उरते. शेजारच्या बाईंना वाटलं मी जप करतेय.

डबा वातानुकूलित, खिडक्या बंद. ही माझी तक्रार, आणि ती मी करतच राहणार. काचेतून बघायची ही गाडी नव्हे. त्यामुळे जो तो दाराशी. गढी हरसरूच्या आसपास माझ्या डोळ्यात कोळशाची कणी गेली. "तोंड आत घे, कोळसा जाईल," हे वाक्य ऐकत आपण सगळे वाढलो. पन्नास वर्षांनी ते खरं झालं. पदराच्या टोकाने कणी काढली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

आणखी एक. गाडीच्या मागे डिझेल इंजिन जोडलेलं होतं. अडीअडचणीला असावं म्हणून. बरोबरचे हौशी लोक त्यावर फार चिडले होते. ही फसवणूक आहे, खरं तर डिझेलच ढकलतंय, वगैरे. पण कान असलेल्याला कळतं. इंजिनावर भार असला की ठोका कोरडा, खणखणीत येतो. नसला की नुसता फुसफुसतो. पतौडी रोड सोडताना अकबर स्वतः ओढत होतं, हे मी पैजेवर सांगते. घरी आल्यावर आप्पांना मागच्या डिझेलचं सांगितलं तर म्हणाले, "शहाणी माणसं. मी दोन जोडली असती."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. वाटेत एका पुलावर आणि रुळांच्या कडेला कॅमेरे घेऊन माणसं उभी होती, मोटारी लावून, पोरांना खांद्यावर घेऊन. गाडी त्यांच्या जवळ आली की धुराड्यातून गडद काळा धूर उसळायचा, अगदी चित्रातल्यासारखा. टाळ्या, शिट्ट्या. दारातून मीही ओरडले, "आला, आला!" ओरडून झाल्यावर पोटात कसंतरी झालं.

काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. आमच्या घरी ही शिवी होती. धुराड्यातून करडी, विरळ, जवळजवळ दिसू नये इतकी वाफाळ रेघ निघाली पाहिजे. मग समजावं फायरमनला काम येतं. त्यासाठी कोळसा थोडा थोडा टाकायचा. पुढे पातळ, मागच्या कोपऱ्यांत जाड, मध्ये भोक पडू द्यायचं नाही, आणि प्रत्येक फावड्यागणिक दार उघडून लगेच बंद. दार जास्त वेळ उघडं राहिलं की गार हवा आत शिरते. हे सगळं हलत्या पायाखाली, एक डोळा बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर ठेवून. नळीतलं पाणी खाली गेलं की भट्टीचं छत उघडं पडतं, मग शिशाचा प्लग वितळतो आणि नोकरीवर येतं. इतकं करूनसुद्धा कोळशाच्या उष्णतेतली शंभरात सहा-सातच चाकापर्यंत पोचते. उरलेली आकाशात. एवढीशीच हाती लागते, तीही काळ्या धुरात घालवायची नाही, म्हणून तर इन्स्पेक्टर इंजिनावर चढून धुराकडे बघत बसायचे. आप्पांना एका काळ्या धुरासाठी चार माणसांत ऐकून घ्यावं लागलं होतं. ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही जेवताना, भाकरीकडे बघत.

रेवाडीला उतरल्यावर मी फायरमनना विचारलं, तो धूर मुद्दाम काढला का. चेहऱ्यावर घाम, गळ्यात पंचा, वयाने माझ्याएवढेच असतील. ते हसले. "मॅडम, लोग धुआँ ही तो देखने आते हैं." मग जरा थांबून, हळूच, "हमारे उस्ताद होते तो मारते."

तर उत्तर असं, की मी आठवणीसाठी जात नाही. आठवणी घरात आहेत, सकाळचा चहा करतात आणि टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात. मी जाते ती आप्पांनी कधी न सांगितलेलं काम चालू असताना बघायला. डिझेलच्या किंवा विजेच्या इंजिनात काम कुठे चाललंय ते दिसत नाही, सगळं पेटीत बंद. इथे मागच्या डब्यातला माझा प्रत्येक मीटर पुढच्या एका माणसाच्या पाठीतून येताना ऐकू येतो. आप्पांना मी विचारायची, एका फेरीला किती कोळसा टाकायचात? "मोजला न्हाई. मोजला असता तर दुसऱ्या दिवशी गेलो नसतो."

पाण्याबद्दल मात्र ते बोलतात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, पहिल्या खेपेला पन्नास पन्नास हजार लिटरच्या दहा वाघिणी. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. आप्पा शांतपणे म्हणाले, "रेल्वे पाणी कवा नेत नव्हती?" त्यांच्या लेखी आगगाडी म्हणजे पाणी, टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात, कोळशापेक्षा पाणी आधी बघायचं.

शेडमध्ये अकबराला पुढच्या प्रवासासाठी तयार करत होते. राख काढत होते, सांध्यांना तेल घालत होते. त्याच फायरमनना मी म्हटलं, माझे वडील मिरजेला मीटरगेजवर होते. ते काही बोलले नाहीत, हात देऊन मला वर घेतलं आणि फावडं पुढे केलं. फावड्याचा दांडा मुठीच्या जागी काचेसारखा गुळगुळीत. भट्टीचं दार त्यांनी उघडलं. आत लाल नाही, पिवळंही नाही, पांढरं होतं. डोळे आपोआप मिटले. मी टेंडरकडे वळले, फावडं भरलं, वळून नेम धरला आणि फावड्याची कड दाराच्या चौकटीवर आपटली. अर्धा कोळसा आत, अर्धा माझ्या चपलांवर. फायरमन "हो जाता है, हो जाता है" म्हणत होते, पण त्यांनी दार मात्र क्षणात लावलं.

मिरजेला उतरले ते थेट आप्पांकडे गेले. रेवाडीचे पेढे दिले, पर्समधली कणी दाखवली. कणीकडे त्यांनी चष्मा लावूनही पाहिलं नाही. मग मी फावड्याचं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"किती सांडला?"

"अर्धा."

"मग झाडून घेतलास का?"

मी गप्प.

"पाय घसरतो त्याच्यावर. समोर दार उघडं असतंय," ते म्हणाले आणि आवाज पुन्हा वाढवला.